अडवलेल्यांची यादी

दिशाने डबीवर साचलेला मिठाचा पांढुरका थर रुमालाने पुसला आणि तार पुन्हा खोचली. समुद्र घरापासून दोनशे पावलांवर. घिवलीत उघड्यावर ठेवलेल्या कुठल्याही यंत्राला वर्षभरात गंज चढतो, म्हणून पत्त्यांच्या जोडाएवढा तो संगणक तिने प्लास्टिकच्या जुन्या डब्यात बसवला होता. घरात सगळे त्याला डबीच म्हणत.

“झाली का तुजी डबी?” आईने, वत्सलाने, ओट्यापाशी बोंबील साफ करता करता विचारलं. “माजी मालिका ऐन भांडणात थांबली.”

“लागेल आता. भांडण कुठे पळून जात नाही, आई.”

“त्यांचा नाय जात. तुजा बाबा मात्र माज्याशी भांडत पन नाय. महिना झाला, जेवायला तेवढा तोंड उघडतो. तेपन एका बाजूनं चावतो.”

दिशा हसली. डबी बसवली होती ती बाबांमुळेच. शेजारच्या दहाव्याला भटजी मंत्र म्हणत असताना शांतारामच्या खिशातला फोन हिंदीत ओरडला होता की अभिनंदन, आप जीत गए हैं. कुठल्या तरी जाहिरातीला बोट लागलं होतं. दिशा त्या रविवारी बोईसरहून सामान घेऊन आली. घरातला प्रत्येक फोन इंटरनेटवरची एखादी जागा उघडण्याआधी तिचा पत्ता विचारतो. आता तो डबीला विचारू लागला. पत्ता जाहिरातवाल्यांच्या यादीत असला की डबी उत्तर देत नसे. यादी कुठल्या कुठल्या देशांतले अनोळखी लोक तयार करत आणि त्यात रोज भर पडे. वर्षभर सगळं सुरळीत होतं.

मालिका सुरू झाली. दिशाने लॅपटॉपवर डबीच्या नोंदी उघडल्या. औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत ती आठवडाभर द्रावणांची मापं तपासत असे. सुट्टीच्या दिवशीही आकड्यांवरून नजर फिरवल्याशिवाय तिला राहवत नसे. महिन्याभरात अडवलेल्या पत्त्यांत पहिले पाच नेहमीचेच होते. सहावा नवा होता. एकाच फोनवरून दोनशे बारा वेळा विचारलेला, दोनशे बाराही वेळा अडवलेला.

फोन कोणाचा ते कळत नव्हतं. हल्लीचे फोन आपलं खरं नाव सांगत नाहीत. तिने रोजची पहिली वेळ कागदावर उतरवली. पहिल्या दिवशी सकाळी सहा दहा. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी सात पन्नास. अकराव्या दिवशी दुपारी अडीच. त्यानंतर काहीच नाही.

रोज पन्नास मिनिटं उशीर. एखादा प्रोग्रॅम असा वागत नाही. तिने पेन खाली ठेवलं. कोळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. भरती रोज तेवढीच मागे सरकते आणि होडी तिच्यासोबत परत येते.

मग तिने त्या पत्त्याची माहिती शोधली. ती जाहिरात नव्हती. लांबलचक लिंक छोटी करून मेसेजमध्ये घालण्याची ती सोय होती. कोण कधी लिंक दाबतं हेही ती मोजत असे, म्हणून कुणीतरी ती यादीत टाकली होती. दिशाने स्वतःच्या फोनमधले जुने मेसेज चाळले. कुरियरच्या मेसेजमध्ये तोच पत्ता होता. बोईसरच्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबच्या मेसेजमध्येही.

शांताराम मासळी वाळवायच्या वलांडीच्या सावलीत बसून डोलीचं जाळं सांधत होता. वर बोंबील सुकत होते. दिशा समोर वाळूत बसली.

“बाबा, तुम्ही बोईसरला लॅबमध्ये गेला होता?”

सुई चालत राहिली.

“शेजारच्या पुंडलिकला रक्त तपासाला द्यायचा होता. त्याच्यासंगं गेलो.”

“आणि तुमचं?”

“गालात आतून जखम हाय. डॉक्टरनं तुकडा काढला. बोलला, रिपोर्ट मोबाइलवर येल, तो घेऊन या.”

“आला?”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही.

“ते तुलाच ठावं.”

“मला कसं?”

“तूच बोललीस ना, डबी आधी बघते, मगच घरात सोडते. वाईट ते सोडत नाय. पुंडलिकचा त्याच्या घरी एका दाबात उघडला. चांगला होता त्याचा. माजा अकरा दिवस दाबला. मग कळला मला, तू वाचलास नि बंद केलास.” त्याने दातांनी दोरा तोडला. “बरा केलास. वाटला, पोरगी काळजी करते. म्हणून विचारला नाय.”

दिशा वाळूतून पुढे सरकली.

“बाबा, मी काहीच वाचलेलं नाही. डबीही वाचत नाही. ती फक्त पाकिटावरचं नाव बघते.”

“आत काय हाय ते नाय बघत?”

“नाही.”

“मंग चांगलापन असंल?”

“असेल.”

तो जाळ्याकडे बघत राहिला. “मी पुंडलिकला खुंट दाखवले, माज्यामागं कोनाला तरी ठावं असावं म्हनून,” तो सावकाश म्हणाला.

डोलीचं जाळं ज्यांना बांधतात ते समुद्रातले खुंट वरून दिसत नाहीत. किनाऱ्यावरचं कुठलं झाड कुठल्या कळसाच्या रेषेत आलं की होडी थांबवायची, हे ज्याचं त्याला माहीत असतं आणि ते घराबाहेर सांगत नाहीत. दिशालाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

ती आत गेली, तो पत्ता यादीतून काढला आणि परत आली. त्याने फोन तिच्या हातात दिला. मेसेज सापडायला वेळ लागला नाही. नवे मेसेज त्याला फारसे येतच नसत. तिने लिंक दाबली. पान एका दाबात उघडलं.

“इंग्रजी हाय,” तो म्हणाला. “वाच.”

“नाव, शांताराम. वय अठ्ठावन्न. नमुना डाव्या गालाच्या आतला. रंग करडा-पांढरा. लांबी चार मिलिमीटर.” ती एकेक ओळ मराठी करून सांगत होती, प्रयोगशाळेत पडताळणीला वाचावी तशी. पेशींची रचना सांगितली. कडांबद्दल सांगितलं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. तिथला शब्द तिला कॉलेजपासून माहीत होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकारही तिने पाहिला होता.

शांताराम वाट पाहत होता. वरचा एक बोंबील वाऱ्याने हलला.

“पुरा वाच. डबीसारखी करू नको.”

तिने वाचला. आधी होता तसा, मग मराठीत. त्याखाली, विलंब न करता तज्ज्ञांना दाखवा, अशी ओळ होती. तीही वाचली.

त्याने मान हलवली. सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“कवाचा हाय हा?”

दिशाने तारीख पाहिली. ती सांगायला तिला मघाच्या शब्दापेक्षा जास्त वेळ लागला.

“सव्वीस दिवस झाले.”

तो बोटांच्या पेरांवर मोजू लागला. लिंक पहिल्यांदा दाबली त्या सकाळपर्यंत तो पोचला, हे तिला त्याच्या अंगठ्यावरून कळलं. अंगठा तिथे थांबला. मग त्याने मूठ मिटली.

घरातून वत्सलाचा आवाज आला. चहा झाला होता.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. कपड्यावरची वाळू झटकली. दिशाही उठणार होती, पण त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

“आईला रिपोर्टचा मी सांगतो,” तो म्हणाला. “डबीचा सांगू नको.”