सत्कारापूर्वी सपाट

सरावाच्या मैदानावर घातलेल्या मांडवात शिरताच सुकेशनीनं पायानं मॅट बाजूला सारली. खालची जमीन सपाट होती, रोलर फिरवलेली.

"हितला उंचवटा कुठंय?"

"ते टेकाड व्हय?" माजी नगरसेवक अप्पाराव हसत पुढे आले. सत्कार त्यांनीच ठेवला होता. "खुर्च्या डुगडुगत व्हत्या. जेसीबीनं काढून टाकलं. तुझ्यासाठीच चाललंय की सगळं."

बेसबॉलचा चेंडू उंचवट्यावर उभं राहून टाकतात, हे अप्पारावांना ठाऊक नव्हतं आणि विचारायचं सुचलंही नव्हतं. पैठणहून गाळाची माती आणून, रोज पाणी मारून, धुम्मसानं चोपून सुकेशनीनं आणि तिच्या आईनं दोन उन्हाळ्यांत हा उंचवटा घट्ट केला होता. मेंढ्या वळवायला दगड भिरकावणारी पोरगी त्याच्यावर उभी राहून भारताच्या संघात गेली होती. शहरात दुसरा उंचवटा नव्हता आणि पुढची निवड चाचणी दहा दिवसांवर आली होती.

मंचावर तिचा मोठा फोटो लावला होता. त्यात तिच्या हातात क्रिकेटची बॅट चिकटवली होती. खाली अक्षरं होती, 'ऑलिम्पिक विजेती'.

"माझं आशियाई कांस्य आहे," ती म्हणाली. "ऑलिम्पिकला मी गेलेच नाय."

"लोकायला काय कळतंय? असं लई मोठं दिसतं."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. दोन वर्षं याच माणसाकडे तिनं मैदानाला कुंपण मागितलं होतं. तेव्हा हा तिला ओळखतही नव्हता.

भाषणं सुरू झाली. अप्पाराव पुढच्या सोफ्यावर टेकले. सुकेशनी मागच्या रांगेत आईजवळ गेली आणि पिशवीतून मोजायची फीत काढली. होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्यापाशी उभा राहतो ती पाटी, मागच्या फाटकाजवळ जमिनीत गाडलेली होती, ती तेवढी वाचली होती.

"माय, टोक धर."

वच्छलाबाई उठून प्लेटपाशी गेल्या. फितीचं टोक प्लेटवर ठेवून त्यांनी टाचेखाली दाबलं. सुकेशनी फीत सोडत खुर्च्यांमधून सरळ पुढे निघाली. माणसं पाय आखडून वाट देत होती.

प्लेटपासून उंचवट्यापर्यंतचं अंतर, साठ फूट सहा इंच, अप्पारावांच्या सोफ्याखाली भरलं.

फितीवरचा आकडा बघायला ती वाकली. पाया पडायला आली असं वाटून अप्पारावांनी फोटोवाल्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. माइकवरून तिचंच नाव पुकारत होते.

"उठा," ती म्हणाली. "माझी जागा हाय ही."