हवामानाच्या रकान्यात

समिधाला मराठी येतं, एवढ्यावरच ते काम तिच्या गळ्यात पडलं. येतं म्हणजे काय, तर अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये आईशी जेवणाखाण्यापुरतं बोलता येतं आणि देवनागरी अडखळत वाचता येते. ऑफिसात मराठी येणाऱ्या दुसऱ्या म्हणजे शहनाझ मॅडम, मूळच्या रत्नागिरीच्या. पण त्या पडल्या प्रोजेक्टच्या प्रमुख. कामगारांची एकेक उत्तरं वाचत बसायला त्यांना वेळ कुठला?

अबू धाबीच्या आसपासच्या बारा लेबर कॅम्पांत सर्व्हे झाला होता. खोलीत किती जण, पाणी किती मिळतं, डॉक्टर किती लांब, तब्येतीची तक्रार काय. उत्तरांचे आकडे, आकड्यांचा निर्देशांक, आणि त्या निर्देशांकावरून ठरणार होतं की फिरत्या दवाखान्याच्या चार गाड्या कुठल्या चार कॅम्पांना मिळणार. ज्याचं दुखणं जास्त त्याला आधी, असा सरळ न्याय. यादी सोमवारी सकाळी दहाला वर जायची होती.

खलिफा सिटीच्या पुढचा नऊ नंबरचा कॅम्प, बहुतेक सगळा कोकणातला, यादीत शेवटचा आला. तिथे कुणाला काही होतच नव्हतं! शंभरातल्या त्रेचाळीस जणांनी तर तक्रार काय विचारल्यावर हवामानाचीच गोष्ट काढली होती. समिधाने ती उत्तरं हवामानाच्या रकान्यात टाकली. त्या रकान्याला गुण नव्हते.

शनिवारी दुपारी जेवताना तिने हे आईला कौतुकाने सांगितलं. "सो स्वीट ना, आई? काय त्रास होतो विचारलं तर म्हणतात, उन्हाळी लागली. लाइक, समर आला. जुलैमध्ये!"

नर्मदाबाई आधी खो खो हसल्या. मग त्यांचा हात ताटातच थांबला.

"अगं बाई, उन्हाळी म्हणजे उन्हाळा नव्हे. लघवीला आग होते ना, थेंब थेंब होते, जीव नको होतो, तिला उन्हाळी लागणं म्हणतात. उन्हात राबायचं, पाणी प्यायचं नाही, मग होतं ते. किती जण म्हणालीस?"

"फॉर्टी-थ्री." समिधाने हातातला घास खाली ठेवला. "तू मला कधी सांगितलं नाहीस हा शब्द."

"तुला कुठून लागणार उन्हाळी? जन्म एसीत गेला तुझा."

नर्मदाबाई हे काही टोचून बोलल्या नव्हत्या. पण समिधाला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. शहनाझ मॅडमना फोन करताना वाटलं, आता आपल्याला पुराव्यांची फाइल मागतील. पण पलीकडून नुसतं "या अल्ला" एवढंच आलं.

"माझ्या अब्बांना लागायची दर वैशाखात," मॅडम म्हणाल्या. "समिधा, साठ पानांचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. त्यात हा शब्द कुठे होता?"

"नव्हता, मॅम. मी त्याचं 'वेदर' केलं होतं."

"यादी मी थांबवते. नुसती ट्रान्सलेशन मिस्टेक म्हटलं तर वर कुणी ऐकणार नाही, पुन्हा विचारून घ्यावं लागेल. उद्या त्यांची सुट्टी असते. तू स्वतः जा. आणि हे बघ, शब्द त्यांचाच वापर."

रविवारी सकाळी समिधा टॅबलेट घेऊन कॅम्पात हजर झाली. नवा प्रश्न तिने आईकडून तपासून आणला होता: उन्हाळी लागली आहे का, हो की नाही. माणसं लाजत होती, एकमेकांना ढकलत होती, पण सांगत होती. साइटवर संडास लांब, म्हणून पाणी बेतानेच प्यायचं, हेही कळलं. अकरा वाजेपर्यंत तीसेक 'हो' झाले. सहाव्या खोलीत खालच्या पलंगावर गुहागरकडचा गणू बसला होता. चाळिशीचा, परांची बांधणारा.

"होती की उन्हाळी," गणू म्हणाला. "मागे तुमचा माणूस आला तेव्हा जोरात होती. त्याला सांगितलं. त्याने लिहूनही घेतलं."

"आणि आता?"

"आता गेली. आठ दिवस झाले, अजिबात आग नाही."

समिधाला बरं वाटलं. बोट 'नाही'वर ठेवणार, एवढ्यात तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पाय टम्म सुजले होते, चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"गणूभाऊ, लघवी साफ होते ना?" असलं काही परक्या पुरुषाला विचारायची तिची पहिलीच वेळ.

"होतच नाही, तर आग कसली होणार?" तो ओशाळून हसला. "काल सकाळी जराशी झाली होती. मॅडम, पण लिहू नका हां. मी आजारी नाही, उद्या ड्युटी आहे."

समिधाने टॅबलेट पलंगावर टाकला आणि अँब्युलन्सला फोन लावला. नवा प्रश्नही चुकलाच होता. पण त्याचा विचार तिने पुढे ढकलला.

हॉस्पिटलात कागदांवर सही करायला कुणीतरी हवं, म्हणून ती सोबत गेली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या, लगेच डायलिसिसला घ्यायचं ठरलं. तरुण भारतीय डॉक्टर फॉर्म भरत होते आणि वैतागले होते. अशी माणसं शेवटच्या घटकेला येतात, हे त्यांना रोजचं होतं.

"तकलीफ कब से थी?" त्यांनी विचारलं. "पहले किसी को बताया क्यों नहीं?"

गणू उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता.

"बताया था," समिधा म्हणाली. "पाँच हफ्ते पहले. हमें ही बताया था."