वर्तमानपत्राखालचा केस

"आई गं!" व्हर्नानं डोकं चोळलं. "पपा, निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिला असतास?"

म्हाताऱ्या डॉक्टर प्रॅथरनी लेकीचा उपटलेला केस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलं.

"डोळे मीट. बोट फिरव."

अमेरिकेतल्या कर्क्सव्हिलमध्ये ऑस्टिओपथी, म्हणजे नुसत्या हातांनी हाडं-स्नायूंवर उपचार करण्याची विद्या, शिकणाऱ्या कित्येकांची बोटं अशीच तयार झाली होती. एका पानाखालचा केस हाताला लागला की वर दुसरं पान. व्हर्ना शाळेत लॅटिन शिकवायची, आणि पुस्तकात नसलेल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. तिचं बोट कागदावरून सरकलं, मध्येच थबकलं, आणि तव्याचा चटका बसावा तसं तिनं ते उचललं.

"काही नाही लागत."

"दाबू नकोस. बोटानं ऐकायचं असतं."

"बोटांना कान नसतात, पपा."

तेवढ्यात शेजारच्या हल्डाबाई आल्या. उजवा खांदा आखडलेला, हात वर जाईना. पपांनी त्यांना पलीकडच्या खोलीत आडवं केलं आणि डावा घोटा हातात घेतला.

"डॉक्टर, दुखतोय खांदा! चष्मा बदला आता."

"गाईनं या पायावर खूर ठेवला होता ना? तेव्हापासून तू एका अंगावर चालतेस. वरचा सगळा डोलारा तो खांदा बिचारा सावरतोय."

घरात तान्हं मूल झोपलेलं असताना दाराची मूठ फिरवावी, तसा त्यांनी घोटा फिरवला. मग तळहात बरगड्यांखाली सरकवून ते नुसते थांबले. हल्डाबाईंचा श्वास हळूहळू खोल झाला.

"मी बरं करत नाही, हल्डा. अडलेलं मोकळं करतो. पुढचं काम तुझ्या शरीराचं."

निघताना बाईंनी उंच खुंटीवरची टोपी उजव्या हातानं काढली, आणि मग स्वतःच त्या हाताकडे बघत राहिल्या. पपांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं.

"काय म्हणतेस?"

"कॉफी निवतेय," व्हर्ना म्हणाली.

ते खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

दफन झालं त्या दुपारी हल्डाबाई चिकन-नूडल्सचं भलंमोठं भांडं एका हातावर पेलत आल्या.

"हा पेपर उचल गं, भांडं ठेवू दे. डॉक्टर असते तर म्हणाले असते, हल्डा, खांदा मी तुझ्या नूडल्ससाठी मोकळा केला नव्हता."

व्हर्नाला हसू आलं. कितीतरी वेळानं आलं. पेपर अजून तसाच होता. त्या टेबलाशी ती बसलीच नव्हती.

"जरा थांबा, हल्डाबाई."

तिनं डोळे मिटले. बोट अलगद सरकत गेलं आणि थबकलं. त्या दिवशी जिथून उचललं होतं, तिथंच. या वेळी तिनं ते तसंच राहू दिलं.

"आहे," ती म्हणाली. मग पलीकडच्या खोलीकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, "लागतोय, पपा."