रुखवतातली पुस्तकं

आमच्या घरात पुस्तकांचे दोन संसार होते. एक वाचायचा आणि एक बघायचा. वाचायची पुस्तकं जुनी, पानं पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली. ती कुठंही लोळायची. उशाशी, कोनाड्यात, एकदा तर तुरीच्या डाळीच्या डब्यावर. तीच पुस्तकं नव्यानं छापून, नवं मुखपृष्ठ लेवून आली की हे ती पुन्हा विकत आणायचे आणि काचेच्या कपाटात ठेवायचे.

"अहो, गोष्ट तीच ना?" मी विचारायची.

"गोष्ट तीच. चेहरा नवा," हे म्हणायचे आणि पुस्तक हातभर लांब धरून नव्या नवरीकडं बघावं तसं बघत बसायचे. माझ्याकडं कधी असं बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

हे म्हणजे मुळे मास्तर. कोपरगावच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचे. पगार झाला की एसटीनं नगरला जायचे आणि पुस्तकाच्या दुकानात अर्धा दिवस घालवून यायचे. एकदा घरी आल्यावर पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला, तर पुढच्या रविवारी तेवढ्यासाठी पुन्हा नगर गाठलं आणि बदलून आणलं. दुकानदारानं कोपरापासून हात जोडले म्हणे.

पुस्तकांची नावं माझ्या लक्षात राहायची नाहीत. मी त्यांना चित्रांवरून ओळखायची. लाल रंगावर पाठमोरी बाई, ती पाठमोरी. निळ्यावर किल्ल्याचा बुरूज, तो बुरूजवाला. ह्यांचं सगळ्यात लाडकं होतं होडीवालं. पांढरंशुभ्र मुखपृष्ठ, आणि खाली एका बाजूला काळ्या शाईनं काढलेली एवढीशी होडी. बाकी काही नाही.

"एवढी जागा मोकळी का सोडली?" मी एकदा विचारलं.

"ते पाणी आहे," हे म्हणाले.

मी पुष्कळ बघितलं. मला काही पाणी दिसलं नाही.

कपाट उघडायचं तर नियम एकच. हात धुवायचे, पुसायचे, वाळू द्यायचे. आमची एकुलती एक शोभा अक्षरं यायच्या आधी हा नियम शिकली. एवढीशी पोर दोन्ही तळवे ह्यांच्यापुढं धरून उभी राहायची. हे ते उलटसुलट तपासायचे आणि मग तिला एखादं मुखपृष्ठ दाखवायचे. मला भारी राग यायचा. बापानं पोरीचा हात धरावा तो काय तपासायला? मी त्या कपाटाजवळून मुद्दाम कणकेच्या हातांनी जायची.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात शोभाचं लग्न ठरलं. मुलगा नगरचा, शरच्चंद्र, बँकेत होता. दुष्काळाचं साल. भोवती इतके साखर कारखाने असून आम्हीच साखरेला महाग झालो होतो. रेशनची साखर चहालाच पुरत नव्हती, तर रुखवताला कुठून आणायची? आणि रुखवत म्हणजे तर मुलीकडच्यांची अब्रू टेबलावर मांडलेली असते. लाडू, करंज्या, साखरेची खेळणी, विणलेले रुमाल. येणारा जाणारा तिथं थांबून मुलीच्या आईला मार्क देतो. आमचं टेबल अर्धं रिकामं.

"बाबांची पुस्तकं मांडू या ना," शोभा म्हणाली.

हे दचकले. पण मुलगी उद्या परवा जाणार. तिला नाही म्हणवेना.

"फक्त मांडायला," हे म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मांडवात सगळी पुस्तकं ओळीनं उभी राहिली, तोंडं लोकांकडं करून. आणि खरं सांगते, मी थक्क झाले. कपाटात दाटीवाटीनं त्यांच्या नुसत्या पाठी दिसायच्या. आमची दूधवाली गोजरबाई पाठमोरीसमोर खिळून उभी राहिली.

"मास्तर, ही बया कुनाची वाट बघतीया वो?"

ह्यांचा चेहरा असा फुलला! त्यांनी तिला सगळी कादंबरी सांगितली. मग मागचे लोक पुढं आले, त्यांना बुरूज, त्यांना होडी. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली तरी मुलीचा बाप रुखवतापाशीच.

जेवणं उरकली आणि वरपक्षाची आवराआवर सुरू झाली. मुलाच्या आत्याबाई ट्रंक घेऊन आल्या आणि रुखवत भरू लागल्या. आधी रुमाल, मग पितळी डबे, मग पुस्तकं.

रुखवतात मांडलेलं वरपक्षाच्या घरी जातं, हे मला ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. पण पुस्तकं आम्ही मांडली नुसती शोभेसाठी. तीही जाणार हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ह्यांनी माझा दंड धरला. "अगं, सांग ना त्यांना."

"काय सांगू? दिलेलं परत द्या म्हणू? आज पहिल्या दिवशी? पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

आत्याबाई विटा रचाव्यात तशी पुस्तकं रचत होत्या. हे एक पाऊल पुढं गेले, तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आता बोलणार.

तेवढ्यात शोभा आली. शालू सावरत आधी घंगाळापाशी गेली. हात धुतले, पुसले, वाळू दिले. मग आत्याबाईंना म्हणाली, "आत्या, मी ठेवते. पुस्तकं ठेवायची एक पद्धत आहे." आणि ट्रंकेपाशी बसून एकेक पुस्तक उचलायला लागली. दोन पुस्तकांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालत होती. ह्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. हेही तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि एकेक मुखपृष्ठ शेवटचं बघून तिच्या हातात देऊ लागले.

शेवटचं होडीवालं. तिनं ते ठेवलं आणि हात काढला, तर पांढऱ्यावर पिवळा अंगठा उमटलेला. नवरीची हळद धुतल्यानं जाते होय! उकाड्यानं तळव्याला घाम आला आणि ती सुटली.

शोभाचा चेहरा उतरला. एवढी लग्न झालेली मुलगी, पण लहानपणीसारखे दोन्ही तळवे ह्यांच्यापुढं धरून म्हणाली, "बाबा, मी हात धुतले होते."

"असू दे," हे म्हणाले. एवढंच. ट्रंकेचं झाकण त्यांनी स्वतः लावलं.

त्यानंतर कपाट रिकामंच राहिलं. मी म्हटलं, जुनी ठेवा त्यात. हे नको म्हणाले. शोभाकडंही गेले नाहीत. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, म्हणून मग जायचंच नाही. मला वाटलं, पुस्तकांचा राग पोरीवर काढतात की काय. तसं असतं तर मी त्यांना कधी क्षमा केली नसती.

श्रावणात एका रविवारी हे नगरला गेले. कुठलीशी जुनी कादंबरी नव्यानं आली होती. संध्याकाळी परतले, आणि पिशवीतून काढलं ते होडीवालं.

"अन् नवं?"

"शोभाला दिलं. बदल्यात हे मागून आणलं. बरी आहे ती. सासूला रोज दुपारी वाचून दाखवते."

"अहो, पण हे तर डागाळलेलं!"

दुमडलेल्या कोपऱ्यासाठी नगर गाठणारा माणूस. रिकाम्या कपाटात मधोमध, तोंड बाहेर करून त्यांनी ते एकच पुस्तक उभं केलं. काळी होडी, आणि वरच्या मोकळ्या जागेत माझ्या लेकीचा अंगठा.

मी स्वयंपाकघरात गेले. कणकेचे हात धुतले, पुसले, वाळू दिले. बाहेर येऊन आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही तळवे ह्यांच्यापुढं धरले. ह्यांनी ते तपासले नाहीत. नुसते हातात धरले, आणि आम्ही कितीतरी वेळ त्या कपाटाकडं बघत बसलो.