किटलीशी बोललेले भाऊ

मित्रांनो, मी एक जुना पर्कोलेटर आहे, म्हणजे कॉफीची किटली. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण तो दिवस आठवला की अजूनही माझे झाकण खडखडते!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक उभी नळी आहे, नळीवर भोकाभोकांची डबी आणि झाकणावर काचेचे बोंड. पाणी तापले की नळीतून उसळते, बोंडात नाचते आणि डबीतल्या कॉफीवर पडते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात लोणावळ्याचा एक रेल्वेचा साहेब मायदेशी निघाला. त्याने मला आणि भाजलेल्या बियांचा डबा आपल्या नोकराला, हौशीरामला, देऊन टाकला.

हौशीराम जवळच्याच कार्ले गावचा. बैलाच्या वाटणीवरून त्याचे थोरल्या भावाशी, भिमाजीशी, बिनसले होते. "तुझ्या घरचा चहा पुन्हा घेणार न्हाई!" असे म्हणून भिमाजी गेला, तो थेट आपल्या लेकीच्या लग्नाची अक्षत द्यायला उगवला. भावकीला अक्षत द्यावीच लागते. पण काही न घेता तो तसाच परतला असता, तर हौशीराम कोणत्या तोंडाने मांडवात जाणार होता?

त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, मला फळीवरून ओढले. "चहा घेणार न्हाई म्हनालं व्हतं," ती नवऱ्याला कुजबुजली, "कॉफीचं कुटं काय बोलल्यात?"

तिने बिया जात्यावर दळल्या, भाकरीच्या पिठासारख्या मऊ. अरे देवा! माझी सगळी भोके बुजली. वर उसळलेले पाणी खाली उतरेना. झाकणातून नुसता चिखल ओसंडला आणि चूल फुस्स!

पडवीत भिमाजी निघायला काठी घेऊन उठलाच होता. आवाज ऐकून तो डोकावला. भावाशी अबोला, आणि भावजयीशी थोरल्या दिराने बोलायची रीत नाही. मग तो चक्क माझ्याशी बोलला!

"काय किटलीबाई, पिठलं शिजवायला बसलीस व्हय?"

झुंबरबाईने पदर पुढे ओढला. "किटलीबाई, इचार त्यास्नी, मग कसं दळायचं?"

"भरडायचं म्हनावं! तांदळाच्या कण्यांवानी."

"किटलीबाई," हौशीराम खालमानेने म्हणाला, "लढाईत पलटणीसंगं बसऱ्याला जाऊन कॉफी प्यालेला मानूस हाय त्यो. त्याचं ऐक."

मित्रांनो, घरातले सगळे माझ्याशीच बोलत होते! डब्यातल्या आणखी मूठभर बिया भरडल्या. मला घासून पुन्हा चुलीवर चढवले. भिमाजी काठी टाकून चुलीशी उकिडवा बसला. आणि बोंडात पहिला बुडबुडा उडाला. टुप्! मग दुसरा. टुप् टुप्!

"आयला हौश्या, बग, बेडूक उड्या मारतोय!"

हौशीराम चमकला. भाऊ त्याच्याशी बोलला होता!

भिमाजीने बशीत ओतून गुळाची कॉफी भुरकली. "लय कडू," म्हणाला आणि बशी पुढे केली. "आनिक वत. आन् हौश्या, हळदीच्या आदी ये. ह्या किटलीबाईलाबी घिऊन ये."

त्या लग्नात मी चुलीवरून खाली उतरलेच नाही!

आता माझे बोंड तडकले आहे, नळीत कोळी राहतो. तरी मित्रांनो, घरात असे एखादे जुने भांडे असेल, तर त्याची भोके घासून मोकळी ठेवा. कुणास ठाऊक, एखाद्याला आधी त्याच्याशीच बोलावे लागेल.