आकडा नसलेली ओळ

गोविंदाने काळ्या दगडावर खडूने शेवटचं अक्षर काढलं, दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, "खाली आकडा कोणता टाकू, मावशी?"

"कोणता आकडा?"

"तुमच्या लोकाईच्या दगडावर असते ना. वचन, अन् त्याच्याखाली आकडा. योहान इतकं, स्तोत्र तितकं. वीस वर्सं झाले कोरून राहिलो, बिनआकड्याचा एक दगड नाही गेला कब्रस्तानात. तुमची कमिटी लावूच देत नाही."

बायजाबाई सोनटक्के दुकानासमोरच्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. दगडावरचं त्यांना वाचता येत नव्हतं. दुसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सगळी उमर मिशनच्या वसतिगृहात मुलींसाठी पोळ्या लाटण्यात गेली. हजेरीच्या वहीत सही करायला म्हणून नवऱ्याने त्यांना त्यांचं नाव तेवढं गिरवायला शिकवलं होतं. बायजाबाई सोनटक्के. जगातली एवढीच दोन अक्षरचित्रं त्यांच्या ओळखीची होती.

"वाच बरं एकडाव."

गोविंदाने वाचलं. सगळ्यांत वर अमोलचं नाव. त्याखाली, शांतवन व बायजाबाई यांचा एकुलता मुलगा. आणि मग ती ओळ: तू ज्याला दार लावलेस, त्याच्याच पायांनी मी तुझ्या दारी आलो होतो, असे प्रभू म्हणतो.

"बरोबर हाय," बायजाबाई उठल्या. "आकडा आणून देते. माहीत नाही असं समजू नको. डोक्यात वचन ठेवाव का आकडे?"

ते खरंही होतं. बुधवारच्या महिला मंडळात हजेरी वचनाने द्यायची पद्धत होती. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, उभं राहून एक वचन म्हणायचं. घाईतल्या सुना सगळ्यांत लहान, दोन शब्दांचं वचन म्हणून खाली बसत. "देवानं तुले दोनच शब्द देले काय वं?" बायजाबाई विचारत, आणि सून लाल होई. त्या स्वतः सहा वर्षं एकच वचन म्हणत आल्या होत्या, हेच. म्हणताना त्यांची नजर नेमकी कोणावर तरी असे. जिने विधवा जावेला वेगळं काढलं तिच्यावर. जिने आजारी दिराला घरी ठेवून घेतलं नाही त्या पंचफुलाबाईंवर. लाटणं असतं हातात बाईच्या, तसं ते वचन बायजाबाईंच्या तोंडात होतं.

अमोलने शिकवलेलं. अमोल गेला त्याला येत्या रविवारी वर्ष होत होतं, आणि त्याच्या दगडावर दुसरं वचन असणं शक्यच नव्हतं.

सदर वस्तीच्या मागे मिशनच्या जुन्या क्वार्टरांना लागूनच चर्च आणि पाळकाचं घर होतं. पाळक सौरव तिशीतले, नवे. त्यांनी बायजाबाईंना खुर्ची दिली, ओळ ऐकली, फोन काढला आणि बोटाने शोधत राहिले. बराच वेळ.

"आजी, दाराबद्दल पुष्कळ आहे. ठोठावलं की उघडतं, तेही आहे. गरिबाला नाकारलं ते मलाच नाकारलं, अशा अर्थाचंही आहे. पण हे असं... हे नाही."

"तुमच्या फोनात नसंल. मोठ्या बायबलात पाहा."

"फोनमध्ये तेच बायबल आहे, आजी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

बायजाबाईंनी पदर मांडीवर सारखा केला. पाळकांना वाटलं, म्हातारीला धीर द्यावा.

"अर्थाने पाहिलं तर अगदी शास्त्राला धरूनच आहे."

"मी अर्थ नाही विचारला, पाळकसाहेब. पत्ता विचारला."

पाळक हळूच म्हणाले, "कमिटीचा नियम आहे. दगडावर शास्त्रातलंच वचन."

"नियम माहीत हाय मले. तुम्ही रांगत होते तवाचा हाय." त्या थांबल्या. "सहा वर्सं मी देवाच्या घरात उभी राहून हे म्हणलं. असे प्रभू म्हणतो, असं म्हणलं. प्रभू नाही म्हणत, तर मंग कोण म्हणते?"

पाळकांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. प्रार्थना करू या का, असं त्यांनी विचारलं.

"करा. पण लहान करा. मले घाई हाय."

पंचफुलाबाई त्याच क्वार्टरांत, बायजाबाईंपासून तीन दारं सोडून राहायच्या. चाळीस वर्षं चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या शिक्षिका. बायबलमधली कुठली गोष्ट कुठल्या पानावर आहे ते त्यांना स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं माहीत. अंगणात बाजेवर कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या. बायजाबाईंना फाटकात पाहून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.

"बसाले नाही आली. एक सांग, पंचफुला. माझं बुधवारचं वचन कुठलं हाय?"

पंचफुलाबाईंच्या हातातली फोड हातातच राहिली.

"बस तरी, बायजा."

"नाही म्हणलं ना."

"मग उभ्यानं ऐक. ते बायबलात नाही."

"तुले कधीपासून माहीत?"

"पहिल्या बुधवारपासून."

बायजाबाईंचा आवाज चढला. "पहिल्या! सहा वर्सं माझ्यासमोर बसून तू ऐकत राहिली? मनातल्या मनात हासत राहिली? अन् मी तेच तुझ्या तोंडावर फेकून राहिली होती, तुझ्या दिराच्या वेळेस!"

"फेकलं ना. लागलं मला. पुढच्या महिन्यात दिराला घरी आणलं मी. विसरली? तो माझ्या घरात मेला, माझ्या हातचं पाणी पिऊन." पंचफुलाबाईंनी ती फोड बाजेवर ठेवली. "शास्त्रात नव्हतं हे माहीत असूनही लागलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"अमोलकडे गेली होती मी. त्याच आठवड्यात. म्हटलं, बाबू, देवाच्या तोंडी आपले शब्द घालू नये, हे पाप आहे. त्यानं हात जोडले, बायजा. म्हणाला, मावशी, माझं ती ऐकत नाही. देवाचं ऐकते. म्हणू द्या तिला. म्हणता म्हणता एक दिवस तिला ऐकू येईल."

फाटकाबाहेर कोणाची तरी गाडी गेली. बायजाबाई बाजेपाशी वाकल्या आणि कैरीच्या फोडी एकेक करून उलट्या करू लागल्या, वाळलेली बाजू खाली, ओली वर. पूर्ण ओळ उलटली.

ऐकण्यासारखं काय होतं, ते पंचफुलाबाईंनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

सात वर्षांपूर्वी अमोलने मोनालीचं नाव घरात काढलं तेव्हा बायजाबाईंनी 'विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जुवात जोडले जाऊ नका' हे वचन त्याच्यापुढे आदळलं होतं. ते मात्र शास्त्रातलं होतं, आकड्यासकट. बैल अन् गाढव एका नांगराले जुंपत नाहीत. पोरगी बौद्धाची, आपण ख्रिस्ताचे. तिनं बाप्तिस्मा घ्यावा, नाही तर माझा उंबरठा विसरावा. मोनाली म्हणाली होती म्हणे, की माझ्या आज्याने छप्पन साली एकदा धर्म निवडला आहे, मी तो लग्नासाठी बदलणार नाही. त्यांनी कोर्टात लग्न केलं.

तरी अमोल दर गुरुवारी संध्याकाळी यायचा. बापाचं मोठं बायबल मांडीवर घेऊन आईला एक अध्याय वाचून दाखवायचा. मोनाली त्याच्यासोबत गाडीवर यायची आणि समोरच्या कडुलिंबाखाली उभी राहायची. बायजाबाई खिडकीतून एकदा पाहत. "उभी राहते तं राहू दे. झाड सरकारचं हाय." अमोल भरभर वाचायचा, म्हणून त्या त्याला रागवायच्याही. "देवाचं वचन हाय, हळू वाच. तुझी काय गाडी सुटून राहिली?"

पहिल्याच वर्षी एका गुरुवारी त्याने अध्यायाच्या शेवटी ती ओळ वाचली. बायजाबाईंना फार आवडली. पुन्हा वाच म्हणाल्या. त्याने वाचली. पाठ करायची म्हणून तिसऱ्यांदा वाचायला लावली, आणि तिसऱ्यांदा अमोलने पुस्तकाकडे पाहिलंच नव्हतं. दाराकडे पाहत म्हणाला होता. बायजाबाईंना वाटलं होतं, पोराला पाठ झालं.

मागच्या वर्षी धंतोलीच्या दवाखान्यात तो अकरा दिवस होता. बाहेरच्या दोन बाकांवर दोघी बायका समोरासमोर बसत. अकरा दिवसांत एक शब्द नाही.

"तिचा पत्ता माहीत हाय तुले?" बायजाबाईंनी शेवटची फोड उलटवत विचारलं.

"इंदोऱ्याला. विहाराच्या मागची गल्ली, हिरवं फाटक. मी जात असते."

"जात असते," बायजाबाई म्हणाल्या. या क्वार्टरांत कोणी त्यांच्या पाठीमागे इतकं काही केलं असतं, तर त्याचे तीन दिवस उत्तरं देण्यात गेले असते. आज त्यांनी नुसती मान हलवली आणि फाटक ओढून घेतलं.

गोविंदा छिन्नीला धार करत होता.

"भेटला का आकडा, मावशी?"

"ओळ पूस."

"काय झालं? कमिटी नाही म्हणते का?"

"पूस म्हणलं ना. लोकाईनं वाचाची नाही ते. माझ्यासाठी होती."

गोविंदाने बादलीत फडकं बुडवलं. ओळ उजवीकडून डावीकडे गेली. 'दारी' शेवटपर्यंत थोडं दिसत राहिलं, मग तेही गेलं. ओला दगड चकाकला.

"आता जागा बहोत मोठी राहून राहिली. तिथं काय टाकू?"

"बायकोचं नाव टाक. तिचा नवरा, असं."

"सांगा नाव."

"मोनाली."

"पुढे?"

सोनटक्के लावते का माहेरचं, बायजाबाईंना माहीत नव्हतं. माहेरचं आडनाव एकदा अमोलने सांगितलं होतं. त्यांनी 'मले सांगू नको' म्हणून हात झटकला होता. त्यानेही पुन्हा सांगितलं नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आणते."

ई-रिक्षात त्या काय बोलायचं ते जुळवत राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांना शब्द कमी पडले नव्हते. हिरवं फाटक उघडंच होतं. पायरीवर चढल्यावर लोखंडी जाळीचं दार लागलं, आतून कडी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी अमोलची. अमोलच्या तसबिरीला हार नव्हता. बाजूला पाण्याच्या पेल्यात मोगऱ्याची चार फुलं होती. आम्हा ख्रिस्ती लोकांत हार घालत नाहीत, हे अमोलने तिला सांगितलेलं असणार.

"कोण आहे?" मोनाली हाताला कणीक लागलेली तशीच बाहेर आली. जाळीपासून दोन हातांवर थांबली.

जुळवलेलं सगळं रिक्षातच राहिलं होतं.

"अमोलचा दगड होऊन राहिला," बायजाबाई म्हणाल्या.

"हो. पंचफुलामावशींनी सांगितलं."

"त्याच्यावर तुझं नाव टाकाचं हाय. पूर्ण नाव काय लावते तू, मले माहीत नाही. लिहून दे."

मोनाली त्यांच्याकडे पाहत राहिली. बायजाबाईंनी नजर खाली घेतली नाही. ते त्यांना येतच नव्हतं. पण जाळीच्या गजावर ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला.

मोनाली आत गेली. नळाचा आवाज आला, ड्रॉवर ओढल्याचा आला. परत आली तेव्हा हात धुतलेले होते. तिने घडी घातलेला कागद गजांमधून पुढे केला.

"तव्यावर पोळी आहे," ती म्हणाली, आणि वळली. आतलं दार तिने लावलं नाही. जाळीचं उघडलं नाही.

बायजाबाईंनी कागद उघडला. तीन शब्द होते. पहिले दोन त्यांना लागले नाहीत. तिसऱ्यावर मात्र त्यांनी बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं, वसतिगृहाच्या वहीत रोज सकाळी गिरवायच्या तसं. ते त्यांच्या ओळखीचं होतं.

कागदाची घडी करून त्यांनी ती पोलक्यात ठेवली. काम झालं होतं. रिक्षा कोपऱ्यावर मिळत होती.

त्या गेल्या नाहीत. पायरीवर ऊन होतं. समोर कडुलिंब नव्हता. आतून पोळी भाजल्याचा वास येत होता, मग तोही थांबला. बायजाबाई पदर डोक्यावर ओढून, दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाय भरून आले. त्यांनी वजन या पायावरून त्या पायावर घेतलं, पुन्हा या पायावर. अमोल भरभर वाचायचा. तरीही एक अध्याय एवढा लांब असतो, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.