रस्त्याकडे पाठ

कमरेच्या पट्ट्यात दोर अडकवून सुभद्रा मागे मागे पावलं टाकत होती, आणि जाळ्यात एकही मासा नव्हता. असायचं कारणही नव्हतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी ओढायचं हे जाळं, गुडघाभर पाण्यात नेऊन टाकलेलं. ओढताना जड दिसावं म्हणून त्यात वाळूची दोन पोती बांधली होती.

"कट!" दिग्दर्शक यतीन भोंग्यातून ओरडला. "मावशी, हसायचं नाही! जाळं जड आहे, जड!"

"जड आसा रे बाबा," सुभद्राच्या शेजारची तुळसा दोर सोडून म्हणाली. "तू एकदा धरून बघ, मगे आमका शिकव."

बाया पुन्हा हसल्या. पुरुषांच्या दोरावरूनही कुणीतरी शिट्टी मारली. तोंडवलीत टीव्हीवाले पहिल्यांदाच आले होते. सकाळपासून अर्धा गाव किनाऱ्यावर होता, निम्मे दोरावर आणि निम्मे बघायला. फक्त बाळा आला नव्हता. सुभद्राचा नवरा. निघताना तो पडवीत जाळ्याचं भोक सांधत बसला होता. वर न बघताच म्हणाला, "रापणीचो खेळ करूक जातंस? जा." गेली सहा वर्षं त्याने रापणीच्या दोराला हात लावला नव्हता. सुभद्राने मात्र लावला होता. दोघांनीही हात आखडला असता तर चूल कुणी पेटवायची?

टेलिफिल्म होती. मुंबईहून आजोळी आलेली पाच वर्षांची मुलगी किनाऱ्यावरून पळवून नेतात, इन्स्पेक्टर खारेपाटणला नाकाबंदी लावतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलगी आईच्या कडेवर. दीड तासात सगळं, मधल्या जाहिराती धरून. मुलीचं काम करणारी आरोही सुरूच्या झाडाखाली खुर्चीत बसून बिस्किटं खात होती. एक बाई तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती.

यतीन चोराचं काम करणाऱ्या नटाला समजावत होता. वय तिशीच्या आत, बोलताना हात जागेवर नाहीत, खूश होता. दुसऱ्याच्या गावात येऊन माणूस इतका खूश दिसला की समजावं, त्याला काहीतरी फुकट सापडलंय.

"हे बघ, रापण ओढताना सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मागे मागे चालतात. पन्नास माणसं आहेत इथे, आणि एकाचीही नजर रस्त्याकडे नाही. तू धावू नकोस. आरामात ये, पोरीला उचल, गाडीत घाल, निघ. भर दिवसा, अख्ख्या गावाच्या पाठीमागून! लोकेशन बघायला आलो ना, तेव्हाच सुचलं मला हे."

सुभद्रा कमरेच्या पट्ट्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. ती बांधली जाईना. जन्मभर बांधलेली गाठ. शेवटी तुळसाने तिचे हात बाजूला केले आणि स्वतः बांधून दिली.

"काय झाला गो? गाठ कित्याक बसणा नाय?"

"काय नाय."

सहा वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, सुभद्राने आपल्या उर्वशीला याच सुरूंच्या रांगेत बसवलं होतं. चार वर्षांची पोर. पुढ्यात चुरमुऱ्यांचा डबा ठेवला आणि सांगितलं, हंयसून हालू नको, मी येतंय. त्या दिवशी बांगडा लागला होता, दोर तासभर ओढावा लागला. जाळं वाळूवर आलं, गाव मासळीवर तुटून पडला. सुभद्रा मागे वळली तेव्हा झाडाखाली डबा होता आणि पोर नव्हती.

कुणी काही पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही कुणाला वाटली नाही. दर्याकाठच्या गावात पोर दिसेनासं झालं की सगळा गाव एकाच दिशेला धावतो. होड्या लोटल्या, पोरं बुड्या मारायला लागली, सुभद्राची सासू यमुनाबाई पाण्यात नारळ सोडून दर्याला हात जोडत राहिली. दर्या ठेवून घेत नाही, तिसऱ्या दिवसाच्या आत किनाऱ्याला लावतो, असं जुनी माणसं सांगत आलेली. तेव्हा माणसं तीन दिवस पाण्याकडे तोंड करून बसली. बाळा दुसऱ्या दिवशी म्हणाला होता, मालवणात जाऊन पोलिसांत सांगून येतंय. सुभद्रानेच त्याचा हात धरला. पोर किनाऱ्याला लागलं आणि बाप जागेवर नसला तर? चौथ्या दिवशी हवालदार आला. त्याने विचारलं, आणि गावाने एका तोंडाने सांगितलं, दर्यात गेली. त्याने तेच लिहून घेतलं. त्याच्याजवळ दुसरं लिहायला होतं काय?

तेव्हापासून दर नारळी पुनवेला सगळे नारळ सोडत आणि सुभद्रा नारळाबरोबर काकणं सोडी. दरवर्षी एक माप मोठं. बाजारात काकणं विकणारी हवाबी कुणासाठी म्हणून विचारत नसे. माप मात्र बरोबर काढून देई.

"रेडी! दोर धरा! ॲक्शन!"

माणसं मागे झुकली. सुभद्राने टाच वाळूत रोवली. समोर दर्या, डोळ्यांना लागणारं दुपारचं पाणी, ओला दोर. एक पाऊल मागे. आणखी एक. मग पाठीमागे, सुरूंच्या पलीकडे, गाडी चालू झाली. दार लागल्याचा आवाज. चाकाखाली खडी वाजली, आणि आवाज चढावाकडे लांबत गेला.

सुभद्राचं पाऊल उचललेलंच राहिलं.

"तौकीरचो बरफाचो टेंपो," ती म्हणाली.

"खंयचो तौकीर?" तुळसा धापा टाकत म्हणाली. "टीव्हीवाल्यांची गाडी ती. वढ गो!"

"त्या दिसा. रापण वढताना पाठसून असोच आवाज इल्लो. मी म्हटलंय, तौकीर बरफ घेवन इलो आणि गाडी फिरवता."

"तौकीर?" तुळसा बोलून गेली, विचार न करता, जसं हवापाण्याचं बोलावं तसं. "त्या दिसा तौकीर खंय येळार इलो? खारेपाटणाक पंक्चर काढीत बसलेलो मेलो. बरफ नाय म्हणान सगळो बांगडो मऊ पडलो, माझो घोव तेका शिव्या घालीत होतो. तो इलो तेवा आमी उर्वशीक सोदीत होतो, तोय पाण्यात शिरलो…"

बोलता बोलता तिने सुभद्राकडे पाहिलं. म्हणजे त्या दिवशी निघून गेलेली गाडी तौकीरची नव्हती.

"कट! मस्त! अजून एक घेऊ. दहा मिनिटं ब्रेक!"

दोर वाळूवर पडले. बाया चहाकडे गेल्या. त्या दोघी मात्र जागेवरच उभ्या.

"सुभद्रे, तसा काय नाय गो. पर्यटक येतत, जातत. एक आवाज…"

"मगे काकणां कोणाक घातलंय मी?" सुभद्राने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. "सहा वरसां. कोणाक गो?"

तुळसाने तिचा दंड धरला. तो सोडवून घेऊन सुभद्रा चालू लागली.

इन्स्पेक्टरचं काम करणारा माणूस गाडीच्या सावलीत बसून कागदी ताटलीतले पोहे खात होता. कडक इस्त्रीची खाकी, छातीवर पितळी नाव. शेजारच्या खुर्चीवर टोपी. सुभद्राने पदर खांद्यावरून पुढे घेतला. कचेरीत जाताना बोलतात तसं, एकेक शब्द नीट लावून ती बोलली.

"साहेब, माझी तक्रार लिहून घ्या. माझी मुलगी. उर्वशी. वय वर्षं चार."

त्याने चमचा ताटलीत ठेवला. आधी हसला, मग त्याचं हसू मावळलं.

"बाई, मी खरा नाही हो. नट आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"तुम्ही नाका लावता खारेपाटणला. गाडी सुटल्यावर तासाभरात." तिने सुरूंच्या पलीकडच्या रस्त्याकडे हात केला. "गाडी सुटून सहा वर्षं झाली, तर नाका कुठे लावायचा?"

तो उठून उभा राहिला. ताटलीचं काय करावं ते त्याला कळेना. इकडेतिकडे बघून त्याने ती टोपीशेजारी ठेवली.

"तुम्ही… तुम्ही खऱ्या पोलिसांकडे जा ना."

"जाईन. त्यांनी उलट मलाच हे विचारलं तर काय सांगू, एवढंच विचारायला आले होते."

तेवढ्यात यतीन टाळ्या वाजवत आला. "चला, चला, उन्हं उतरतायत! मावशी, तुमच्या जागेवर!" मग तिच्याकडे बघून थांबला. "अरे, काय चेहरा आहे! हा चेहरा मला गर्दीत हवाय. काय सांगत होत्या?"

नटाने टोपी उचलून डोक्यावर चढवली. "काही नाही," तो म्हणाला.

दोर पुन्हा उचलले गेले. सुभद्राने पट्टा बांधला, या वेळी स्वतः. दोर अडकवला. आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मावशी! तोंड समुद्राकडे!"

ती हलली नाही.

"गो, फिर," तुळसा दबक्या आवाजात म्हणाली. "फिर गो बाय. लोक बघतत."

लोक बघतच होते. पलीकडच्या दोरावरचे पुरुष, बघे, छत्रीवाली बाई. काहींना कळलं असावं, कारण त्यांनी माना पुन्हा दर्याकडे वळवल्या. सवयीची बाजू. तिकडे बघायला कुणाचं काही जात नाही.

"ती ऐकत नाहीये सर," कुणीतरी म्हणालं.

यतीन कॅमेऱ्यातून पाहत होता. "राहू दे. वेळ नाही. जरा डावीकडे घ्या. अजून थोडं. हां, आता नाही येत ती फ्रेममध्ये. ॲक्शन!"

माणसं मागे झुकली. सुभद्राने दोर खांद्यावर घेतला आणि पुढे वाकून, रस्त्याकडे बघत ओढू लागली. सुरूंच्या मधून चोर आला. आरामात, सांगितल्याप्रमाणे. आरोहीने बिस्किट तोंडात टाकून हात वर केले, त्याला उचलायला सोपं जावं म्हणून. दार लागलं. खडी वाजली. गाडी चढाव चढून वळणाशी गेली आणि थांबली. दार उघडलं. आरोही उतरली आणि हसत, उड्या मारत परत धावत आली. आजची ही दुसरी वेळ.

"ओके! पॅकअप!"

दोर खाली पडले. सुभद्राने मात्र सोडला नाही. वाळूची दोन पोती आणि अख्खं जाळं मागे ताणून धरून ती तशीच उभी होती, आणि जिथे गाडी थांबली होती त्याच्या पुढे गेलेल्या रस्त्याकडे बघत होती.